जावईबापू बाराव्या क्रमांकावर

त्या हंगामाने मोटारशर्यतींच्या जाणकारांची पार बेअब्रू केली. आठ शर्यती झाल्या आणि आठ वेगवेगळे चालक जिंकले. ज्या गाडीवर सगळ्यांची भिस्त, तिने ऐन वेळी मान टाकावी. जो पावसात तरबेज, त्याच्या नशिबी कोरडं ऊन यावं. दोन नामांकितांनी एकमेकांची जिरवण्याच्या नादात एकाच भिंतीला मिठी मारावी, असं वर्षभर चाललं होतं. वर्तमानपत्रांतले तज्ज्ञ शुक्रवारी जे अशक्य म्हणून लिहीत, तेच सोमवारी अटळ होतं म्हणून समजावून सांगत, आणि दोन्ही वेळा त्यांची खात्री सारखीच असे.

या पडझडीत एक गाडी मात्र दर वेळी न चुकता शेवटच्या रेषेपर्यंत पोचत होती. तिच्या दोन्ही अंगांवर चकचकीत नळाचं चित्र होतं, म्हणून सगळे तिला नळगाडी म्हणत. नळगाडीने एकही शर्यत जिंकली नव्हती. ती कधी सहावी येई, कधी पाचवी. एकदा पुढचे सगळेच एकमेकांत गुंतून पडले तेव्हा तिसरी आली होती. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसे गुण साचत गेले, आणि शेवटच्या शर्यतीच्या तोंडाशी पाहावं तर गुणतक्त्यात तिच्या पुढे एकटी लाल गाडी उरलेली. आता हिशेब अगदी बाळबोध होता. या शर्यतीत नळगाडी लाल गाडीच्या पुढे राहिली, की वर्षाचं विजेतेपद तिचं.

हे यश कोणाचं, याविषयी नळगाडीच्या मालकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांचा नळ आणि तोट्यांचा मोठा कारखाना होता, आणि ज्याला पाणी वळवता येतं त्याला जगातली कोणतीही गोष्ट वळवता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. गाडी प्रत्यक्षात चालवत होता तो त्यांचा जावई. ठरलेला चालक हंगामाच्या तोंडावर सोडून गेला, तेव्हा "घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा?" असं म्हणून मालकांनी त्याला गाडीत बसवला.

जावयापाशी शर्यतीचा परवाना होता हे खरं. तरुणपणी हौसेने त्याने लहानसहान शर्यती केल्या होत्या. पण त्याचा खरा पेशा निराळा. लग्नाआधी तो मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे. आरशात पाहा, हात दाखवा, मागच्याला वाट द्या, हे त्याने शिकाऊ मंडळींना इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते त्याच्याच हाडीमाशी खिळलं होतं. लग्नानंतर शाळा बंद झाली आणि तो सासरीच राहू लागला. त्या घरात त्याला सगळे "अहो जावईबापू" म्हणत आणि कशातही विचारत नसत. पडद्यांच्या रंगापासून तो स्वतः शर्यतीत उतरणार की नाही इथपर्यंतचे सारे निर्णय त्याच्या पाठीमागे होत आणि त्याला जेवणाच्या टेबलावर कळत. एकदा विजेतेपद मिळालं की आपल्यालाही त्या घरात शब्द मिळेल, असं तो मनात धरून होता. ही आशा त्याने एकाच व्यक्तीला बोलून दाखवली होती.

ती व्यक्ती म्हणजे संघातली रेडिओवरची इंजिनिअर. शर्यत चालू असताना चालकाच्या कानात फक्त तिचाच आवाज जाई. किती फेऱ्या उरल्या, टायर कधी बदलायचे, पुढे कोण, मागे कोण, हे सगळं तीच सांगायची. कुठूनसा येणारा आणि कधीही न चुकणारा आवाज म्हणून मेकॅनिक मंडळी तिला आकाशवाणी म्हणत. न चुकणारा, हे त्यातलं अर्धंच खरं होतं.

झालं होतं असं, की पहिल्याच शर्यतीत तिने जावयाला "तुम्ही चौथे आहात" असं सरळ सांगितलं. "चौथा? मी?" असं म्हणून तो इतका हरखला, की वळण विसरून सरळ मोकळ्या मैदानात गेला, आणि परत येताना मागून येणाऱ्या पाच गाड्यांना हात दाखवून आधी जाऊ दिलं. त्या संध्याकाळी मालकांनी फर्मान काढलं. त्याला खरा नंबर कधीही सांगायचा नाही. कायम बारावा सांगायचा.

"बारावाच का?" आकाशवाणीने विचारलं होतं.

"अकरावा म्हटलं की आशा लागते. तेरावा म्हटलं की माणूस खचतो," मालक म्हणाले. "बाराव्याला कसलीच घाई नसते."

तेव्हापासून ती दर फेरीला बारावा सांगत आली. शर्यत संपल्यावर जावयाला आपण पाचवे आल्याचं कळे आणि तो थक्क होऊन म्हणे, "ताई, शेवटी शेवटी किती जण बंद पडतात हो!" त्या वर्षी गाड्या खरोखरच पटापट बंद पडत होत्या, त्यामुळे त्याला संशय घ्यायला जागा नव्हती. रस्त्याकडेच्या मोठ्या पडद्यांकडे पाहिलं की घेरी येते, असं सासऱ्यांनी बजावल्यामुळे तो तिकडेही पाहत नसे.

शेवटची शर्यत भर शहरातल्या रस्त्यांवर होती. एरवी जिथे बस थांबे तिथे आता टायरांची भिंत रचलेली होती. गटारांची झाकणं वेगाने उडू नयेत म्हणून जागच्या जागी पक्की केली होती. बँक, चपलांचं दुकान, दातांचा दवाखाना यांची शटर खाली होती आणि वरच्या गॅलऱ्यांत लोक दाटीवाटीने उभे होते. नळगाडीचा मुक्काम एका पार्किंगच्या तळमजल्यावर पडला होता. तिकिटं फाडायच्या काचेच्या खोक्यात आकाशवाणीचं टेबल, दोन पडदे आणि माइक मांडलेला. पार्किंगमध्ये हॉर्न वाजवू नये, अशी पाटी तिच्या डोक्यावर तशीच लटकत होती.

शुक्रवारच्या सरावात जावई दर फेरीला एकाच ठिकाणी वेळ घालवू लागला. मुख्य मेकॅनिक, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, ब्रेक तपासून तपासून रडकुंडीला आला. शेवटी आकाशवाणीनेच रेडिओवर विचारलं.

"जावईबापू, दवाखान्याच्या वळणावर काय होतंय?"

"ताई, तिथे प्रवेश बंदची पाटी आहे."

"ती रोजच्या वाहतुकीसाठी आहे."

"ते मला कळतं हो. पायाला कळत नाही."

मिस्त्रीने जाऊन पाटीवर गोणपाट बांधलं. पुढच्या फेरीत जावई चांगलाच वेगाने आला, पण झेब्रा पट्ट्यांपाशी पुन्हा जरासा दबकला. "आता रस्ता रंगवून काढू का?" मिस्त्रीने हात जोडून विचारलं.

शनिवारी संध्याकाळी आकाशवाणी मालकांना भेटायला गेली. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं.

"मालक, उद्या त्यांना पहिल्यापासून खरा नंबर सांगू या."

"का? बाराव्याने काय घोडं मारलंय?"

"इथला रस्ता अरुंद आहे. पुढच्याने आपण होऊन वाट दिल्याशिवाय मागच्याला जाता येत नाही. कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं, हे त्यांना ठाऊक नको? बाराव्याला वाटतं की मागून येणारा आपल्याहून एक आख्खी फेरी पुढे आहे. मग निळा झेंडा दिसला की ते बाजूला होतात."

निळा झेंडा म्हणजे, मागची गाडी तुम्हाला पूर्ण फेरीने मागे टाकत आहे, तिला वाट द्या, अशी खूण. वर्षभरात निळा झेंडा कोणासाठीही फडकला तरी जावयाने तो आपलाच मानला होता.

"त्याला अडवायला सांगितलंत, तर तो आधी समोरच्याची परवानगी मागेल," मालक म्हणाले. "बाई, माझ्या कारखान्यात मी कोणालाच काही खरं सांगत नाही. एक तोटी गळत नाही! शेवटच्या फेऱ्यांत मी म्हणेन तेव्हा सांगा."

खरं म्हणजे एक नळ आहे, हवा तेव्हा सोडावा आणि हवा तेव्हा बंद करावा, अशीच त्यांची समजूत असावी. आकाशवाणीने आणखी एकदा तोंड उघडलं, पण मालक फोनवर बोलू लागले होते. ती खोक्यात परतली तो जावई कागदी कपांत चहा घेऊन तिची वाट पाहत उभा.

"ताई, उद्या काही होवो," तो कप पुढे करत म्हणाला, "एक सांगून ठेवतो. घरात माझ्याशी सगळे गोड बोलतात. खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच. बारावा तर बारावा, पण तोंडावर सांगता."

आकाशवाणीची जीभ त्या चहाने भाजली. तेच निमित्त करून ती कपावर फुंकर घालत राहिली.

रविवारी शर्यतीआधी भुरभुर पाऊस पडून गेला आणि हंगामाने आपला स्वभाव शेवटपर्यंत सोडला नाही. सुरुवातीलाच बँकेच्या वळणावर पुढच्या चार गाड्या एकमेकींत अडकल्या. जावई सुरक्षित अंतर ठेवून येत होता. त्याने गर्दीतून गाडी अशी अलगद काढली, जशी शिकाऊ माणसाने भर बाजारातून पहिल्यांदा काढावी. पुढे एकाचं इंजिन गेलं, दुसऱ्याचं चाक नीट बसेना, तिसरा झेब्रा पट्ट्यांवर घसरून चपलांच्या दुकानाच्या शटरला टेकला. लाल गाडी टायर बदलायला थांबली तेव्हा तिच्या माणसांचा गोंधळ उडाला आणि ती जावयाच्या मागे पडली. शर्यत उताराला लागली तेव्हा रस्त्यावर गाड्या उरल्या होत्या नऊ, आणि नळगाडी त्यांत पहिली होती.

"ताई, कितवा?"

आकाशवाणीने मालकांकडे पाहिलं. मालकांनी नकारार्थी मान हलवली.

"बारावे," ती म्हणाली.

मिस्त्री तिच्या कानाशी लागला. "अहो, गाड्या नऊ आहेत! नवात बारावा कसा येईल?"

"मालकांना विचारा," ती माइकवर हात धरून म्हणाली.

"ताई," जावयाचा आवाज पुन्हा आला, "पुढे चिटपाखरू दिसत नाही. फारच मागे पडलो का मी?"

एवढं ऐकून तिच्याने राहवेना. पण तेवढ्यात मालकांनाच घाम फुटला. ताज्या टायरांवर धावत लाल गाडी नळगाडीच्या शेपटीला येऊन चिकटली होती. जायला जागा नव्हती म्हणूनच केवळ ती मागे होती. तीन फेऱ्या उरल्या होत्या. "सांगा! आता खरं सांगा त्याला!" मालक ओरडले.

"जावईबापू, नीट ऐका. तुम्ही पहिले आहात."

कानात खळखळून हसण्याचा आवाज आला. "ताई, धीर देताय होय? मी ठीक आहे. गाडी नीट आणतो घरी."

"धीर देत नाहीये. तुम्ही खरंच पहिले आहात. मागची लाल गाडी तुमच्याच फेरीत आहे. तिला वाट देऊ नका."

"सासरेबुवा शेजारी उभे आहेत वाटतं? माझा नमस्कार सांगा."

मालकांनी माइक हिसकावला. "अहो जावईबापू! पहिले आहात तुम्ही! आमची मान उंच केलीत! आता फक्त सोडू नका त्याला!"

सासऱ्यांनी आपलं कौतुक केल्याचं जावयाने लग्नानंतर प्रथमच ऐकलं होतं, आणि त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढला तो कोणत्याही शहाण्या माणसाने काढला असता.

"ताई," तो काळजीने म्हणाला, "गाडीला काही झालंय का? आग बिग लागली नाही ना? सासरेबुवा असं का बोलतायत?"

आकाशवाणीने माइक परत घेतला. आता एकच उपाय उरला होता.

"जावईबापू, मी वर्षभर तुमच्याशी खोटं बोलत आले. पहिली सोडून प्रत्येक शर्यतीत. बारावा कधीच नव्हतात तुम्ही. ते आम्ही ठरवून सांगायचो. आज खरं सांगतेय. शपथ घेऊन सांगते."

नळगाडी बँकेवरून गेली, बसथांब्यावरून गेली. लाल गाडी मागे गुरगुरत होती. जावई बोलला तेव्हा त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"ताई, असं बोलू नका. तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. एवढा तरी माणूस मला ओळखता येतो. त्यांनी तुम्हाला काय काय बोलायला लावलं, ते मी नंतर विचारीन त्यांना."

तो तिच्यावर इतका पक्का विश्वास ठेवत होता, की पहिल्या शर्यतीनंतर तिने सांगितलेल्या एकुलत्या एका खऱ्या गोष्टीला त्यात शिरायला फट नव्हती.

शेवटची फेरी लागली. दवाखान्याच्या वळणाअलीकडे एक हिरवी गाडी रखडत चालली होती, पार एका फेरीने मागे पडलेली. नळगाडीला वाट मिळावी म्हणून कोपऱ्यावरच्या माणसाने हिरव्या गाडीला निळा झेंडा दाखवला आणि ती निमूटपणे कडेला झाली. जावयाला झेंडा दिसला. त्याने आरशात पाहिलं. आरशात लाल गाडी होती. त्याने शिस्तीत डावी बाजू धरली, हात बाहेर काढला आणि पुढे जा म्हणून दाखवला.

लाल गाडीचा चालकसुद्धा क्षणभर बिचकला. मग तो गेला.

तळमजल्यावर मिस्त्रीने डोक्याला हात लावला. कानात मात्र जावयाचा समाधानी आवाज येत राहिला. "ताई, लाल गाडीला वाट दिली. फार घाईत होता बिचारा."

रेषा ओलांडल्यावर त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कितवा?"

"दुसरे," आकाशवाणी म्हणाली.

"वा! म्हणजे पुन्हा दहा जण बंद पडले!"

काय घडलं ते त्याला बक्षिसाच्या पायरीवर उभं केल्यावर कळलं. लाल गाडीच्या चालकाने त्याला कडकडून मिठी मारली आणि तो त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. खाली त्याची बायको, मालकांची लेक, दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. खाली उतरून तो तडक आकाशवाणीपाशी आला. हेल्मेटने केस कपाळाला चिकटले होते.

"ताई, मघाशी तुम्ही खरं सांगत होतात?"

"हो."

"मग खरं आहे म्हणून सांगायचं नाही का!" तो कळवळून म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन खालीच बसला. मग त्याने विचारलं, "आणि आधीचं? बाराव्याचं?"

"तेही खरं. म्हणजे खोटं. मी मालकांना नाही असं म्हणू शकले असते. म्हटलं नाही."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी पाणी आधीच वळवलं होतं. "पत्रकार थांबलेत. रेडिओ बिघडला होता, असं सांगायचं. दोघांनीही. जगातला कुठला रेडिओ बिघडत नाही?"

पत्रकारांना जवळच्या शाळेच्या सभागृहात बसवलं होतं. टेबलावर तीन माइक, तीन पाण्याच्या बाटल्या. पहिलाच प्रश्न आला, की विजेतेपद हातात असताना वाट का दिली? मालकांनी आकाशवाणीला कोपराने ढोसलं.

"रेडिओ नीट चालू होता," ती म्हणाली. "वर्षभर मी त्यांना खोटा नंबर सांगत होते. आज खरा सांगितला तेव्हा त्यांना तो पटला नाही. चूक माझी आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मालकांचा चेहरा लाल गाडीपेक्षा लाल झाला. "म्हणजे विजेतेपद तुमच्यामुळे गेलं, असं लिहू?" मागून कोणीतरी विचारलं.

"लिहा."

तेव्हा जावयाने मधला माइक आपल्याकडे ओढला. "रेडिओ बिघडला होता," तो म्हणाला. "मला काहीच ऐकू आलं नाही. ताई उगाच स्वतःवर ओढवून घेतायत. त्यांचा स्वभावच तसा आहे."

त्याचा चेहरा इतका सरळ होता, की कोणाच्याही मनात किंतु आला नाही. सहकाऱ्यांसाठी सुळावर चढायला निघालेल्या या बाईविषयी सभागृहात कौतुकाचा उद्गार उमटला. "नाही, ऐका माझं," आकाशवाणी म्हणत राहिली, पण तोवर सगळ्यांची वाक्यं लिहून झाली होती. तज्ज्ञांपैकी एकाने तर रेडिओ बिघडणार याची चिन्हं शुक्रवारीच दिसत होती, असं शेजाऱ्याला सांगितलंसुद्धा.

बाहेर मालकांनी जावयाला गाठलं. विजेतेपद गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर शोधून सापडलं नसतं. "मानलं तुम्हाला! काय बेमालूम बोललात! इतकी वर्षं मी तुम्हाला भोळे समजत होतो. उद्यापासून कारखान्यात बसा. माझ्या शेजारची खुर्ची तुमची. चला, गाडीत पुढे बसा." आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरलं.

मागच्या सीटवर त्यांची लेक खिडकीला डोकं टेकून बसली होती. जावई दारापर्यंत गेला आणि मागे फिरून आकाशवाणीपाशी आला.

"ताई, एकच वाक्य होतं, तर पाय लटपटतायत बघा माझे. तुम्ही दर फेरीला कसं निभावत होतात?"

"पहिल्या एकदोन शर्यतींत माझेही लटपटायचे."

"मग?"

"मग थांबले."

रस्त्यावर मजूर टायरांची भिंत उतरवत होते. मिस्त्री पाटीवरचं गोणपाट सोडत होता. मालकांनी हॉर्न वाजवला.

"जाऊ?" जावयाने विचारलं. "ती खुर्ची मला हवी होती, ताई. तुम्हाला ठाऊक आहे."

"खरं सांगू?"

"सांगा."

"जाऊ नका."

या खेपेला तो हसला नाही, की कोण शेजारी उभं आहे असं त्याने विचारलं नाही. त्याने परत जाऊन गाडीचं पुढचं दार बाहेरून हळूच लावलं, वाकून खिडकीतून सासऱ्यांना काहीतरी सांगितलं, आणि मागचं दार उघडलं. "मी चालत येतोय," तो बायकोला म्हणाला. "तू बाबांबरोबर गेलीस तरी चालेल."

मालकांची लेक चपला शोधत खाली उतरली.

"बाबा, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.